योग साधला, क्षेमाचे काय?

चंद्रपूर सोडून बल्लारपूर, कोठारीमार्गे गोंडपिपरी आणि पुढे आष्टीवरून अहेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गावांना हेलिकॉप्टरचा आवाज नवा नाही. गेली अनेक वर्षे या वनप्रदेशाने तो निरनिराळ्या प्रसंगी ऐकला आहे. निवडणूक आली की मतदान पथके घेऊन वायुदलाची हेलिकॉप्टर्स गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांकडे झेपावतात. नक्षल्यांशी लढताना जखमी झालेल्या जवानाला नागपूरच्या रुग्णालयात पोहोचविणारे वाहनही तेच. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला असता, अडलेल्या रुग्णांना उचलून नेणारेही तेच. शेतात वाकलेला माणूस क्षणभर उभा राहतो, कपाळावर आडवा हात धरून वर पाहतो आणि पुन्हा कामाला लागतो. ते यंत्र वर आहे, म्हणजे ते चालू आहे, एवढेच त्याला ठाऊक असते. ते चालू कोणी ठेवले, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. खरे तर तो आपल्यापैकी कोणाच्याच मनात येत नाही.

हा प्रश्न मनात न येणे ही आपली जुनी उणीव आहे. योगक्षेम हा आपल्या भाषेतील किती अर्थगर्भ शब्द! जे जवळ नाही ते मिळविणे हा योग आणि मिळाले त्याचे जतन करणे हा क्षेम. पूर्वजांनी हे दोन शब्द एकत्र बांधले, कारण एकावाचून दुसरा व्यर्थ होता. आज मात्र आपण योगाचे सोहळे करतो आणि क्षेमाला विसरतो. नव्या विमानांच्या खरेदीची घोषणा पहिल्या पानावर येते. २०२३ या एका वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली, तेव्हा जगाचे डोळे दिपले. भारताच्या वाढत्या सामर्थ्याची ती खूण होती आणि तिचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु विमान विकत घेणारा त्याचा धनी होतो का? ज्याला ते उघडता येते, तपासता येते आणि पुन्हा निर्दोष जोडता येते, तोच त्याचा खरा धनी. बाकीच्यांना भाडेकरूच म्हणावे लागेल.

विमानाची देखभाल म्हणजे नेमके काय, हे सर्वसामान्य वाचकाला क्वचितच सांगितले जाते. मोटार रस्त्यात बंद पडली तर ती कडेला लावता येते. आकाशाला कडा नसतो. म्हणूनच विमानाच्या बाबतीत बिघाड होण्याची वाट पाहिली जात नाही, बिघाडाच्या आधीच त्याला गाठले जाते. प्रत्येक उड्डाणापूर्वी अभियंता विमानाभोवती फिरून चाके, पंखांच्या कडा, इंजिनाची मुखे आणि गळतीच्या जागा पाहतो. उड्डाणाचे काही शे तास भरले की हलकी तपासणी होते. साधारण दीड-दोन वर्षांनी मोठी तपासणी येते. तेव्हा विमान काही आठवडे हँगरमध्ये उभे राहते. सहा ते दहा वर्षांनी होणारी तपासणी तर जवळजवळ पुनर्जन्मच असते. आसने, आतले पत्रे, तारांचे जुडगे, चाकांचे पाय हे सारे काढून विमानाचा सांगाडा उघडा केला जातो. डोळ्यांना न दिसणारी भेग शोधण्यासाठी रंगद्रव्य, विद्युत्प्रवाह, श्राव्यातीत ध्वनिलहरी यांचा उपयोग होतो. इंजिनाच्या पोटात बारीक नळीतून कॅमेरा घालून एकेक पाते न्याहाळले जाते. प्रत्येक महत्त्वाच्या भागाचे आयुष्य ठरलेले असते. कशाचे तासांत, कशाचे उड्डाणांच्या संख्येत, तर कशाचे वर्षांत. आयुष्य संपलेला भाग कितीही धडधाकट दिसला तरी तो उतरविला जातो.

हे सारे ज्या एका गोष्टीवर उभे आहे ती म्हणजे नोंद. कोणता स्क्रू कोणी, केव्हा, किती जोराने आवळला, याची नोंद होते आणि तिच्याखाली परवानाधारक अभियंत्याची सही असते. त्या सहीवाचून विमान उडू शकत नाही. वैमानिकाच्या हातातील सुकाणूशी संबंधित काम असेल, तर एकाने केलेले काम दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासावे असा दंडक आहे. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगविलेली असते. संध्याकाळी एक आकृती रिकामी दिसली, तर तो पाना सापडेपर्यंत विमान सुटत नाही. कारण विसरलेला एक पाना शेकडो प्राणांवर बेतू शकतो.

हा दंडक किती रक्त सांडून तयार झाला आहे, हे दोन उदाहरणांवरून ध्यानात यावे. १९७८ मध्ये एका जपानी बोइंग ७४७ विमानाची शेपटी धावपट्टीला घासली. तिची दुरुस्ती करताना मागील दाबरोधक भिंतीच्या सांध्यात रिव्हेटच्या दोन ओळींचे बळ मिळायला हवे होते, तेथे एकाच ओळीचे मिळाले. विमान पुढे सात वर्षे उडत राहिले आणि १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती भिंत फुटली. ५२० माणसे मृत्युमुखी पडली. दुसरे उदाहरण अमेरिकेचे. १९८८ मध्ये हवाई बेटांवरील अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७ चे छत उडता उडताच उघडले गेले. खाऱ्या हवेत जवळजवळ नव्वद हजार उड्डाणे केलेल्या त्या सांगाड्यातील सूक्ष्म भेगा एकमेकींना मिळाल्या होत्या आणि त्या वेळीच कोणाच्या नजरेस आल्या नव्हत्या. जपान आणि अमेरिका ही शिस्तीसाठी नावाजलेली राष्ट्रे. तेथे असे घडू शकते, तर 'चालतंय की' हे ज्याचे ब्रीद होऊन बसले आहे अशा समाजाने किती सावध असावे? अहमदाबादेत १२ जून २०२५ रोजी झालेल्या भीषण अपघाताच्या कारणांविषयी उतावीळपणे बोलणे अयोग्य ठरेल. परंतु त्या दिवसानंतर विमानात बसणाऱ्या प्रत्येकाच्या मनात जो प्रश्न उमटला, त्याला आश्वासक उत्तर देण्याचे उत्तरदायित्व शासन आणि विमान कंपन्या या दोघांवरही आहे.

सुरक्षिततेइतकाच गंभीर प्रश्न स्वातंत्र्याचा आहे. १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली आणि अमेरिकेने निर्बंध लादले. आपल्या नौदलाची सी-किंग हेलिकॉप्टर्स इंग्लंडमध्ये बांधलेली होती. तरीही त्यांतील अमेरिकी सुट्या भागांची वाट अडली आणि ती जमिनीवर उभी राहिली. त्यापूर्वी १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तेव्हा एकेका सुट्या भागासाठी आपल्या वायुदलाला नव्याने निर्माण झालेल्या देशांचे उंबरठे झिजवावे लागले. वाहतूक करणाऱ्या एएन-३२ विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार २००९ मध्ये युक्रेनशी झाला आणि २०१४ नंतर तेथे पेटलेल्या संघर्षात तो रखडला. नागरी क्षेत्राचा अनुभवही वेगळा नाही. अमेरिकेतील एका इंजिन कंपनीच्या धातूच्या भुकटीत दोष निघाला आणि २०२३-२४ मध्ये इंडिगोची सत्तरहून अधिक विमाने उभी राहिली. त्याच कंपनीच्या इंजिनांकडे बोट दाखवीत गो फर्स्ट ही विमान कंपनी मे २०२३ मध्ये बंद पडली आणि तिच्या हजारो कर्मचाऱ्यांच्या चुली थंडावल्या. कोणी शत्रुत्वाने अडविले, कोणी असमर्थतेने, परिणाम एकच. ज्याच्या हाती दुरुस्ती, त्याच्या हाती दोरी. स्वदेशीचा विचार आपण पिढ्यान् पिढ्या मांडत आलो, तो मीठ आणि साबणापुरता मर्यादित नव्हता.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने केलेल्या कामाची दखल घेतली पाहिजे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. त्याच ओझरच्या परिसरात वायुदलाचे ११ क्रमांकाचे तळ-दुरुस्ती केंद्र आहे. सुखोई-३० एमकेआयसारखे अवजड लढाऊ विमान पूर्णपणे उकलून पुन्हा जोडण्याचे काम तेथील तंत्रज्ञांनी आपल्या हातांनी केले आणि असे पहिले विमान एप्रिल २०१८ मध्ये वायुदलाच्या स्वाधीन केले. ज्या मिग-२१ ने बासष्ट वर्षे सेवा बजावून २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निरोप घेतला, त्याच्या दीर्घायुष्यातही ओझरच्या कामगारांचा वाटा आहे. या विमानाचा इतिहास रक्तरंजितही आहे. २००१ मध्ये सुरतगढला मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांना वीरमरण आले आणि त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी पुत्रशोक गिळून या विमानांच्या प्रश्नाला वाचा फोडली. त्या मातेचा प्रश्न हा देशद्रोह नव्हता. क्षेमाची मागणी करणारा तो राष्ट्राचाच आवाज होता, हे आज मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. त्याच ओझरहून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क-१ए ने आकाशात झेप घेतली. परावलंबनाकडून स्वावलंबनाकडे जाणारी ही वाटचाल आहे.

विदर्भाच्या वाट्यालाही या क्षेत्रात मानाचे स्थान आले आहे, मात्र विदर्भालाच त्याची पुरेशी जाणीव नाही. भारतीय वायुदलाच्या संपूर्ण देखभाल कमांडचे मुख्यालय नागपूरच्या वायुसेनानगरात आहे. गडचिरोलीवर घिरट्या घालणाऱ्या एमआय-१७ हेलिकॉप्टरची उकल-जोडणी चंडीगडच्या केंद्रात होते; पण त्या केंद्राचा कारभारही नागपूरहूनच पाहिला जातो. देशाच्या मध्यभागी असल्याचा लाभ घेत मिहान प्रकल्प उभा राहिला. एअर इंडियाने बोइंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदविली, तिच्या मोबदल्यात बोइंगने देखभाल केंद्र बांधून द्यावे असे ठरले आणि ते नागपूरला आणण्यात आले. पन्नास एकरांवर, प्रत्येकी शंभर मीटर लांब-रुंद अशी दोन हँगर तेथे आहेत. मात्र २००६ च्या सुमारास ठरलेले हे केंद्र प्रत्यक्ष सुरू व्हायला २०१५ साल उजाडले, हेही विसरता कामा नये. एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली. तिची अभियांत्रिकी सेवा कंपनी मात्र शासनाकडेच राहिली. शेजारीच इंदामरचे खासगी देखभाल केंद्र उभे राहिले आणि २०२५ मध्ये अदानी समूहाने ते घेत असल्याचे जाहीर केले. दासॉ आणि रिलायन्स यांच्या कारखान्यात फाल्कन विमानांची बांधणी करण्याचेही २०२५ मध्येच ठरले. केंद्र शासनाने देखभाल सेवेवरील वस्तू-सेवा कर एप्रिल २०२० पासून अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला, जुलै २०२४ मध्ये सुट्या भागांच्या आयातीवरही सरसकट पाच टक्के दर लावला. पूर्वी देशातील दुरुस्ती परदेशातील दुरुस्तीहून महाग पडत असे; ती विसंगती यामुळे दूर झाली. हे निर्णय स्वागतार्हच आहेत.

येथपर्यंतची कथा समाधानाची आहे. पुढचा प्रश्न टोचणारा आहे आणि तो आपल्याच विचारांचे लोक सत्तेवर आहेत म्हणून गिळून टाकण्याचे कारण नाही. मिहान ते गोंडपिपरी हे अंतर रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर आहे. या दोनशे किलोमीटरचा प्रवास करून किती तरुण त्या हँगरमध्ये पोहोचले? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जमिनीने देशाला कोळसा दिला, वीज दिली, बांबू आणि कागद दिला. आता सूरजागडचे लोहखनिजही ती देत आहे. भद्रावतीच्या आयुधनिर्माणीतून सैन्याला दारूगोळा जातो. येथून जाणाऱ्या मालाचे ट्रक या पट्ट्यातील रस्त्यांनी रात्रंदिवस धावत असतात. कौशल्य मात्र या वाटेने आत येत नाही. बारावी विज्ञान झालेला गोंडपिपरीचा मुलगा पोलीस भरतीसाठी धावतो, नाही तर हंगामात सीमेपलीकडे तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या मजुरांच्या गाडीत बसतो. विमान देखभाल अभियंता होण्यासाठी भौतिक, रसायन आणि गणित घेऊन बारावी होणे पुरेसे असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सांगितले तरी खासगी संस्थेचे काही लाखांचे शुल्क, मोठ्या शहरातील निवास आणि इंग्रजीतून द्यावयाच्या परीक्षा या तीन भिंती त्याच्यासमोर उभ्या असतात. मोरव्याची धावपट्टी आणि राजुरा तालुक्यातील नियोजित विमानतळ यांची चर्चा आपण वर्षानुवर्षे करतो. धावपट्टी होईल तेव्हा होवो. तिच्यावर उतरणाऱ्या विमानाला हात लावू शकणारा मुलगा घडविण्यासाठी भूसंपादन करावे लागत नाही.

काही जण म्हणतील, जेथे सिंचन अपुरे, डॉक्टर अपुरे, तेथे विमानाच्या गोष्टी कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. एका हँगरमध्ये हजारो नोकऱ्या निर्माण होत नाहीत, हे खरेच. परंतु देखभालीची जी शिस्त तेथे शिकविली जाते, तिची उणीवच आपल्या खेड्यांना भोवते आहे. गावात हातपंप येतो तेव्हा नारळ फुटतो. वर्षभरात त्याचा दांडा मोडतो आणि दुरुस्तीवाचून तो उभाच राहतो. सौर दिवे लागतात आणि बॅटऱ्या संपल्या की नुसते खांब उरतात. रुग्णवाहिका मिळते, पण तिचे टायर झिजल्यावर कोणाला विचारायचे हे कोणास ठाऊक नसते. शासनाने खर्च केला नाही असे नाही. क्षेमाची व्यवस्था केली नाही. ज्या मुलाने पान्याची रिकामी आकृती पाहून काम थांबवायला शिकले, तो गावी परतला तर गावचा पंपही बंद पडू देणार नाही. विमान हे निमित्त आहे; घडवायची आहे ती वृत्ती.

ही वृत्ती आपल्याला परकी आहे काय? मुळीच नाही. खंडेनवमीला आपण शस्त्रे आणि अवजारे पुसून, घासून, तेलपाणी करून पूजेला मांडतो. वस्तुत: तो वार्षिक तपासणीचाच दिवस होता, नांगराचा फाळ, सुताराचा वाकस, सैनिकाची तलवार यांच्यातील दोष त्या निमित्ताने नजरेस यावा ही त्यातली दृष्टी होती. पुढे हळदकुंकू उरले आणि घासणे गेले. २०१९ च्या विजयादशमीला फ्रान्समध्ये पहिल्या राफेलचे पूजन झाले, तेव्हा काहींनी त्याची टिंगल केली. ती टिंगल अज्ञानमूलक होती. परंतु पूजन करणाऱ्या समाजानेही त्या पूजेचा अर्थ वर्षभर आचरणात आणायचा असतो. भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी हे वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे. विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन मानण्याचा संस्कार त्यांच्या संघटनेने रुजविला. कामगाराच्या हातातील हत्याराला राष्ट्राच्या भवितव्याशी जोडणारा हा विचार आहे. मध्यरात्री हँगरमध्ये रिव्हेट तपासणारा तंत्रज्ञ हा त्या विश्वकर्म्याचा आजचा वारस होय. त्याचे नाव कोणत्याही फलकावर लागत नाही आणि त्याचे यश म्हणजे काहीही न घडणे. असे निष्काम कर्म समजून घेण्यासाठी आपल्या समाजाला बाहेरून धडे घेण्याची गरज पडू नये.

तेव्हा काही ठोस गोष्टी व्हाव्यात. नागपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दासॉच्या सहकार्याने विमानाचे सांगाडे जुळविण्याचा अभ्यासक्रम सुरू झाला आहे. त्याची शाखा चंद्रपूर आणि गडचिरोलीपर्यंत आणावी. चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी दरवर्षी ठरावीक विद्यार्थ्यांचे विमान देखभाल अभ्यासक्रमाचे शुल्क आणि नागपुरातील निवास यांचा भार उचलावा. मिहानमधील कंपन्यांना सवलती देताना या दोन जिल्ह्यांतील शिकाऊ उमेदवारांच्या जागा करारातच लिहून घ्याव्यात. नंतर केलेली विनंती कोणी ऐकत नाही. गोंडवाना विद्यापीठाने पायाभूत विषय मराठीतून समजावणारा आणि त्यांतूनच तांत्रिक इंग्रजीकडे नेणारा पूर्वतयारी वर्ग चालवावा. आणि सारे शासनावर टाकून समाजाने मोकळे होऊ नये. वनवासी क्षेत्रात वसतिगृहे चालविणाऱ्या आपल्या संस्थांनी आठवी-नववीतील हुशार मुलांना एकदा तरी ते हँगर दाखवावे. डोळ्यांनी पाहिलेले स्वप्न भाषणातून ऐकलेल्या स्वप्नाहून टिकाऊ असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ज्या विचाराने या जंगलातील तरुणांच्या हाती चार दशके बंदुका दिल्या, त्याचा पराभव जवानांच्या हौतात्म्याने झाला आहे. रिकाम्या झालेल्या त्या हातांत आता काय द्यायचे, हे ठरविण्याची घटका येऊन ठेपली आहे. शांती मिळविणे हा योग होता. तिचे जतन हा क्षेम आहे आणि तो बंदोबस्ताने साधत नाही. गोंडपिपरीच्या शेतात उभा राहून हेलिकॉप्टरकडे पाहणाऱ्या माणसाच्या घरातील मुलगा उद्या त्याच हेलिकॉप्टरच्या नोंदवहीत सही करील, आणि त्या सहीच्या भरवशावर एखादा जखमी जवान किंवा अडलेली बाळंतीण सुखरूप पोहोचेल, तेव्हा योगक्षेम हा शब्द या वनप्रदेशात पूर्ण झाला असे म्हणता येईल. ते घडविणे शासनाच्या हाती आहे तितकेच आपल्याही हाती आहे.